दक्षिण काठच्या तिसऱ्यांचं कुळ

रक्ताची शुद्धता जपणं हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाचं आद्य कर्तव्य आहे, आणि गॅलिसियातल्या एका खाडीच्या दक्षिण काठावरच्या तिसरी-संघाने (तिसरी म्हणजे वाळूत सापडणारी खाण्याची शिंपली) यात कधी कसूर केलेली नाही.

त्या हिवाळ्यात सलग चाळीस दिवस पाऊस पडला (अधिकृत नोंदीनुसार अडतीस, दोन दिवस नोंद घेणारा आजारी होता). खाडी नदीच्या पाण्याने अळणी झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्यात वाढलेल्या दक्षिण काठच्या तिसऱ्या वाळूतच मेल्या. समोर उत्तर काठाला, नदीच्या मुखाशी, काहीच बिघडलं नाही. विद्यापीठातल्या साबेलाने दोन्हीकडच्या तिसऱ्या तपासून सांगितलं, की फरक थेट जनुकांतला आहे. गोडं पाणी सोसणं पलीकडच्यांच्या रक्तातच उतरलंय. तिकडचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, आणून इथल्या वाळूत टाका.

एरुंदिनाबाईंना हे लगेच पटलं. एकतीस वर्षं त्या ओहोटीला वाकून वाळू खरवडत आल्या होत्या, आणि सलग तीन हंगाम जिची टोपली संघाच्या वजनकाट्यावर आली नाही तिचा परवाना रद्द, असा नियम होता. पहिला हंगाम कोरडा गेला. बाई धास्तावल्या, दुसरं काम त्यांना येत नव्हतं.

“सेक्रेटरीसाहेब, दोन बादल्या बी तेवढं आणू द्या.”

“अहो बाई, ती काय चार दिवसांची पाहुणी आहे?” सेक्रेटरी आमारो म्हणाले. “आली की राहणार. उद्या आपल्या तिसऱ्यांशी तिचं जुळलं म्हणजे?”

“आपल्या मेल्यात, साहेब.”

“म्हणूनच त्यांची बाजू कुणीतरी घ्यायला हवी.”

सतरा जणांची समिती बसली (अकरांच्या आया उत्तर काठच्या, उरलेल्या सहांच्या बायका, इतिवृत्तात ही माहिती नाही). ठराव उदार होता. उत्तरेच्या तिसरीला प्रवेश जरूर मिळेल. तिने दक्षिण काठावर दहा वर्षं राहिल्याचा दाखला आणि दोन स्थानिक तिसऱ्यांची शिफारस जोडावी. शिफारशीला स्थानिक तिसरी हयात नसल्याने प्रकरण प्रलंबित राहिलं. एवढ्या संकटातही संघाने घाई केली नाही, याचं कौतुक वाटतं.

एरुंदिनाबाई मग भर दुपारी होडीने पलीकडे माहेरी गेल्या आणि दोन बादल्या अर्धवट वाढलेलं बी घेऊन आल्या. वर बहिणीच्या परसातला कोबी. धक्क्यावर आमारोंनी कोबीची चौकशी केली, चांगला दिसतोय म्हणाले.

तिसऱ्या हंगामात बाईंची टोपली काट्यावर आली. परवाना वाचला. आमारोंनी एक तिसरी तिथेच उघडून तोंडात टाकली आणि त्यांचे डोळे भरून आले.

“ही आपली. जिभेला लगेच कळतं. पलीकडच्यांना ही चव सात जन्मांत यायची नाही.”

“आणखी एक घ्या ना, साहेब,” बाई म्हणाल्या.

मूळ कुळ स्वतःच्या तेजावर तगलं, असा ठराव एकमताने झाला आणि संघाने सगळ्या काठाला वाइन पाजली.

वाचकांना या भोळ्या लोकांचं हसू येईल, ते साहजिक आहे. आपल्याकडे असलं काही चालत नाही. आपण नव्या शेजाऱ्याला फक्त आडनाव विचारतो, तेवढ्याने उलगडा झाला नाही तर ‘मूळचे कुठले?’ म्हणतो, आणि मगच चहाचं आधण ठेवतो.