धोटेबाईंची हजेरी

आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत सकाळी सातला हजेरी होते. नाव पुकारायचं, समोरच्याने ‘हजर’ म्हणायचं, ही सगळीकडची रीत. लाँड्रीच्या प्रमुख धोटेबाई मात्र नावाबरोबर कौतुकही पुकारतात.

“वच्छला! त्या चादरीचा डाग काढला काल, मस्त! रमेशभाऊ! गाठोड्यात एक नग कमी नाई! सुनंदा! काल तू काईच चांगलं नाई केलं, पन आज करशीन!”

बारा माणसं, बारा कौतुकं. मग दिवसाचं काम सांगायचं आणि प्रत्येकाकडून ते परत वदवून घ्यायचं. “काय सांगतलं मी? बोल बरं.” माणूस अडखळला की बाई स्वतःवरच चिडतात. “माहं सांगनंच चुकलं. आयक पुन्हा.”

सेवाग्राम रस्त्यावरच्या या हॉस्पिटलात मी प्रशासन अधिकारी म्हणून नवा आलो होतो. टीम लीडरशिपचं तीन दिवसांचं ट्रेनिंग झालेलं, प्रमाणपत्र फ्रेम करून टेबलामागे टांगलेलं. कॅन्टीनमध्ये मी बाईंची नक्कल करायचो. “चहावाले भाऊ! पाणी बरोब्बर घातलं, मस्त!” डॉक्टर मंडळी पोट धरून हसायची. एकदा मागे वळलो तर बाई उभ्या. म्हणाल्या, “आवाज जमला, साहेब. पन मी नाव घेतल्याबिगर बोलत नाई. त्याचं नाव गजानन हाये.”

त्या दिवशीच थांबायला हवं होतं. नाही थांबलो.

पुढच्या महिन्यात एका मोठ्या ऑपरेशनची वेळ बदलून सकाळी सहाची झाली. मी लाँड्रीला मेसेज टाकला : ‘उद्या ऑपरेशन थिएटरचे कपडे सकाळी लवकर.’ लगेच बाईंचा फोन. “लवकर म्हंजे किती वाजता, साहेब?”

मी मीटिंगमध्ये होतो. “लवकर म्हणजे लवकर, बाई! एवढंही कळत नाही?” म्हणून फोन ठेवला.

कपडे रोज आठला जातात, ते सातला पोचले. पेशंट उपाशी, डॉक्टर ताटकळलेले. दुपारी मोठ्या साहेबांनी आम्हां दोघांना बोलावलं. कोणाची चूक? मी म्हणालो, “निरोप मी आदल्या दिवशीच दिला होता.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा मेसेज असलेला फोन त्यांच्या हातातच होता. “हो जी,” त्या म्हणाल्या. “मीच वेळ इचारून घ्याले पायजे होती.”

त्यांना मेमो मिळाला. मी माझ्या खोलीत येऊन बसलो आणि ते प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवून कपाटात टाकलं.

दोन दिवस झोप नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांना खरं सांगून मेमो रद्द करवला आणि सातच्या हजेरीला लाँड्रीत जाऊन उभा राहिलो. “चूक माझी होती. वेळ मी सांगितली नव्हती. बाईंनी विचारलं, तेव्हा मीच खेकसलो.”

“मागे आयकू नाई आलं, साहेब,” बाई म्हणाल्या.

मी पुन्हा मोठ्याने सांगितलं. वच्छला खाली बघत राहिली. मला वर बघवेना.

“मोठ्या साहेबांपुढे माझं नाव का नाही घेतलं?” नंतर मी विचारलं.

“तुमी नवीन हाये. घरी या एकदा जेवाले, सांगतो.”

रविवारी गेलो. दोन खोल्यांचं घर, एकच खुर्ची. ती मला दिली. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन हैदराबादेत. बेसनाच्या पातोडीची भाजी, भाकर, जवसाची चटणी वाढता वाढता बाई म्हणाल्या, “चारचौघांत मान खाली गेली तं मानूस कामात मन लावत नाई. अन् इथं घरी, सैपाक चांगला करा नाईतं वाईट, बोलाले कोनी नाई. म्हनून डूटीवर मी कोनाले बिनाबोलता ठेवत नाई.”

मी तीन भाकरी खाल्ल्या. पुन्हा माफी मागितली. “जाऊ द्या जी,” म्हणत बाई फाटकापर्यंत आल्या आणि तिथेच जरा घुटमळल्या.

वर्ध्याच्या उड्डाणपुलावर आलो तेव्हा लक्षात आलं. भाजी फार सुरेख झाली होती, आणि मी ते बोललोच नव्हतो.