सातापाअण्णांचा नरम ब्रेक

सातापाअण्णांच्या हातात हात द्यायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. ते तुमचा हात मुठीत घेत, हळूच दाबत, सोडत, पुन्हा दाबत आणि चारचौघांत निकाल देत, "नरम हाय." मी निपाणीत शाळामास्तर म्हणून आलो, त्या पहिल्याच दिवशी घरमालकाच्या दारात त्यांनी मला असं नरम ठरवून टाकलं. भिंतीला भिंत लावून राहायचं होतं, म्हणून मी आपला हसलो.

त्यांचा तरी काय दोष म्हणा! हयात गेलेली तंबाखूच्या वखारीत. पोत्यात हात घालायचा, मूठभर माल दाबायचा, मूठ उघडायची आणि सांगायचं, ओल जास्त, ओल कमी, का बरोबर. मोठमोठे व्यापारी त्या मुठीकडे बघत उभे राहायचे. त्यामुळे जगात जे काही आहे त्याची पारख दाबूनच होते, अशी अण्णांची पक्की समजूत. बाजारात वांगी दाबायचे, ताटातली भाकरी दाबायचे, शिंप्याकडे गेले तर कापडाचा तागा दाबायचे. लेकीला बघायला आलेल्या मुलाचा दंड दाबून "चालंल" म्हणाले आणि सोयरीक पक्की केली. जावई सोन्यासारखा निघाला. मग काय, विचारूच नका!

अशा या मुठीला हार खायला लावली ती मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकनं.

झालं होतं असं. आदल्या साली अण्णा आणि आक्का, म्हणजे त्यांची बायको, गाडीवरून संकेश्वरला आक्कांच्या माहेरी निघाले होते. तवंदी घाटाच्या उतारावर उसाची बैलगाडी आडवी आली. फटफटी थांबली नाही, रस्ता सोडून चरात गेली. अण्णांना नुसतं खरचटलं, आक्कांचा हात मोडला. "ब्रेक नरम पडला," असं अण्णांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. आक्कांचा हात बरा झाला, पण त्यानंतर अण्णांनी त्यांना मागं बसवलं नाही.

"बसनं जावा की," अण्णा म्हणायचे.

"सायकल हुती तवापास्नं तुमच्या मागं बसून माहेर गाठलंय," आक्का म्हणायच्या. "आता एकटी बसमधनं उतरली तर आई इचारंल, काय गं, भांडलासा काय? म्या न्हाय जायाची."

दोघंही हट्टी, आणि तिकडे संकेश्वरात म्हातारीची नजर दिवसेंदिवस जात चाललेली. येणाऱ्याजाणाऱ्याजवळ तिचा एकच निरोप असायचा, "दिसतंय तवर तोंड दाखवून जा म्हणावं." निरोप आला की आक्का अण्णांकडे बघायच्या आणि अण्णा पाना घेऊन गाडीकडे जायचे.

आता यात मी कुठे आलो? तर रविवारी सकाळी, जरा पेपर घेऊन बसावं तोच हाक यायची. "मास्तर! जरा दाबून धरा."

पुढच्या चाकाचा आस ढिला करायचा, एकानं ब्रेकचा लिव्हर गच्च आवळून धरायचा आणि दुसऱ्यानं तेवढ्यात नट आवळायचा. असं केलं की आतले दोन्ही लायनर ड्रमला एकदम भिडतात आणि ब्रेक कडक लागतो. युक्ती खरी होती, पण आवळून धरणारा एक म्हणजे नेहमी मी. "सोडू नका, सोडू नका," करत अण्णा नटाशी झोंबायचे आणि माझी बोटं पांढरी पडायची. मग उठून, हात पुसून, डोळे मिटून ते लिव्हर दाबायचे, अगदी तंबाखू दाबावी तसा. मी श्वास रोखून बघत राहायचो.

"नरम हाय."

नवी केबल घातली. नरम. नवे लायनर कोल्हापूरहून आणले. नरमच. शेवटी दस्तगीर मेस्त्रींनी स्वतः येऊन सगळं बसवलं, लिव्हर दाबला आणि म्हणाले, "अण्णा, ह्याच्यावर कडक पायजे आसंल तर चाकात पहार घाला." अण्णांनी डोळे मिटून दाबून बघितला आणि मान हलवली. त्यानंतर अण्णा लांबून दिसले तरी मेस्त्री दुकानाच्या मागच्या दारानं चहाला जायचे.

एका रविवारी संकेश्वरहून पुन्हा निरोप आला. या खेपेला शब्द वेगळे होते. म्हातारी म्हणाली होती, "आता आवाजावरनंच वळखावं लागतंय." आक्का चुलीपाशी जाऊन पाठ करून बसल्या. माझं डोकं फिरलं. अण्णांच्या गाडीची किल्ली घेतली, गाडी काढली आणि चौकात जाऊन पुढचा ब्रेक दाबला मात्र, गाडी जागेवर आणि मी टाकीवर! लंगडत परत आलो.

"अण्णा, हा ब्रेक नाही, दगड आहे दगड!" मी आक्कांच्या देखत ओरडलो. "तुमची मूठ बिघडलीय!"

वखारीत कुणी असं बोललं असतं तर अण्णांनी त्याला पोत्यात घालून शिवला असता. पण ते खाली बसले. गाडीच्या चाकाकडे बघत म्हणाले, "त्या दिशीबी कडकच हुता, मास्तर."

मला कळेना.

"म्या दाबलाच न्हाय. बोटंच वळली न्हाईत. बैल बघितला आन् भ्यालो. मागं ही बसल्याली, आन् म्या भ्यालो." "गल्लीला सांगितलं ब्रेक नरम. हिलाबी त्येच सांगितलं."

मी खरोखर ओशाळलो. कुठे बघावं ते कळेना.

आक्का चुलीपासून उठल्या, हात पदराला पुसत बाहेर आल्या. "मला काय सांगितलासा?" त्या म्हणाल्या. "म्या काय डोळं मिटून बसली हुती व्हय? तुमच्या खांद्यावरनं बोटं दिसत हुती की मला."

"मग बोलली न्हाईस ती?"

"बोलून काय हात जुडणार हुता?" आक्कांनी आत जाऊन पायांत चपला घातल्या, दाराला कडी लावली. "मला काय ब्रेकचं भ्या न्हाय. तुमचंबी न्हाय. म्हातारी पुरती आंधळी व्हायच्या आत चला, काढा गाडी."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी कधी नव्हे ते पुढे झालो आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

आक्का मागं बसल्या, मोडून सांधलेला हात अण्णांच्या खांद्यावर ठेवून. गाडी गल्लीतून चालत्या माणसाच्या वेगानं निघाली. कोपऱ्यावर समोर काही नव्हतं. माणूस नव्हता, ढोर नव्हतं. तरी अण्णांनी ब्रेक दाबला. गाडी खाडकन उभी राहिली आणि आक्का त्यांच्या पाठीवर आदळल्या.

"दाबला की," आक्का म्हणाल्या. "आता चला, आई वाट बघत्या."