न जुळणारी सही

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमचं नाव तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंय आणि समोरची बाई म्हणतेय, "हे तुम्ही लिहिलेलं नाही." येईल ना राग? बाबुराव ओव्हाळांना एका महिन्यात तीनदा आला.

झालं असं, की नातीच्या, म्हणजे दीक्षाच्या शाळेने नवा नियम काढला. फी रोख नको, चेकही नको. एका फॉर्मवर सही करून द्या, म्हणजे दर तीन महिन्यांनी पैसे तुमच्या बँकेतून आपोआप शाळेकडे जातील. दीक्षाचे आईवडील हिंजवडीला कॉम्प्युटरवर नोकरी करत. मुलगा म्हणाला, "बाबा, माझ्या खात्यातून जाऊ द्या." बाबुराव भरल्या ताटावरून उठले. नातीचं शिक्षण आपल्याच पेन्शनमधून!

त्याला कारण होतं. त्यांच्या वडिलांनी जन्मभर कागदावर अंगठा उठवला होता. बाबुराव मास्तर झाले आणि शाळा सुटल्यावर कोथरूडच्या वस्तीत मोठ्या माणसांना सही शिकवू लागले. "अंगठ्याला इतर कामं पुष्कळ आहेत," ते म्हणत.

फॉर्म बँकेत गेला आणि परत आला: सही जुळत नाही. दुसराही तसाच आला. शाळेने कळवलं, शुक्रवारपर्यंत बँकेची मंजुरी आली नाही तर चौथीतली जागा दुसऱ्याला. शुक्रवारी दुपारी बाबुराव तिसरा फॉर्म आणि दीक्षा, दोघांना घेऊन बँकेत गेले.

काउंटरवरच्या प्रेमलाबाईंनी खातं उघडतानाचं पिवळं पडलेलं कार्ड काढलं. त्यावरची सही वळणदार होती, शेवटी ताठ उभी रेघ. फॉर्मवरची सही मात्र जिन्यावरून घसरल्यासारखी दिसत होती. बाबुरावांचा हात दोन वर्षं थरथरत होता.

"अहो, मी स्वतः समोर उभा आहे ना!"

"आपण उभे आहात, दिसतंय. सही आडवी झालीये."

"मग ही नवी सही नोंदवून घ्या."

"घेते की. तसा अर्ज करा आणि खाली जुनी सही करा."

"जुनी येत असती तर अर्ज कशाला केला असता?"

"ते मला काय विचारता? नियम मी केलेत?"

बाबुराव पैसे काढायच्या स्लिपांच्या पाठीवर सराव करू लागले. दीक्षा प्रत्येक सही तपासत होती. "पाचवी बरी आहे, आजोबा."

"त्या स्लिपा गिरवायला ठेवलेल्या नाहीत," काउंटरच्या आतून प्रेमलाबाई म्हणाल्या. "आणि दोनला आमची जेवणाची सुट्टी. एक उपाय आहे. अंगठा द्या. थरथरणाऱ्यांसाठी सोय आहे. अंगठा कधी म्हातारा होत नाही."

घड्याळात दोनला दहा कमी होते. प्रेमलाबाईंनी शाईचं पॅड पुढे सरकवलं.

"आजोबा, अंगठा म्हणजे नापास?"

"नाही गं. अंगठा म्हणजे फी," ते म्हणाले आणि त्यांनी अंगठा उठवला. पहिल्या फटक्यात मंजूर!

"आता साक्षीदार हवा," प्रेमलाबाई म्हणाल्या. "बँकेच्या ओळखीचा आणि सही येणारा. ए भैरू, इकडे ये!"

चहाचे कप खाली ठेवून शिपाई भैरू आला. समोर कोण आहे ते पाहून तो जागीच थबकला. "मास्तर? तुमच्या अंगठ्याला मी साक्षीदार?"

"कर लवकर. त्यांची सुट्टी होतेय."

भैरूने जांभळ्या अंगठ्याखाली सही केली. वळणदार, शेवटी ताठ उभी रेघ.

"याला म्हणतात सही!" प्रेमलाबाई खूश झाल्या. "कोणी शिकवली रे?"

भैरूने मास्तरांकडे पाहिलं.

"असेल कोणी मास्तर," बाबुराव म्हणाले आणि दीक्षाला घेऊन बाहेर पडले.

घरी त्यांनी साबणाने तीनदा हात धुतला. शाई जाईना. तेवढ्यात दीक्षाने आपली दुरेघी वही आणली, पहिल्या ओळीवर आजोबांचं नाव नीट लिहिलं, त्यांच्या बोटांत पेन्सिल दिली आणि त्यांच्या हातावर आपला हात घट्ट ठेवला.

"हं, गिरवा," ती म्हणाली. "रेघेबाहेर जायचं नाही."