बिनटर्बोची गाडी

आमच्या शेजारचे सुकुमार अण्णा मगदूम कुणाची ओळख करून देताना त्याचं गाव, नोकरी, शिक्षण काही सांगत नाहीत. त्याला टर्बो आहे की नाही, एवढंच सांगतात. "हा माझा भाचा. पोरगं गुणाचं हाय, पण टर्बो न्हाय." भाचा तिथंच उभा असतो.

मागच्या वर्षी मला बघायला सांगलीचे पाहुणे आले होते. अण्णा न बोलावता येऊन मधल्या खुर्चीत बसले. "पोरगी हुशार हाय पावणं. इंग्लिश मीडियमची. बोलत न्हाय एवढंच. टर्बो काय, मागनंबी बशीवता येतोय." त्या पाहुण्यांचा पुन्हा फोन आला नाही. अण्णांचे माझ्यावरचे हे एकमेव उपकार.

नाव सुकुमार असलं तरी वजन शंभराच्या पुढे आहे आणि आवाज भट्टीशेजारी तीस वर्षं ओरडून कमावलेला आहे. ते फोनवर बोलतात तेव्हा पलीकडच्या माणसाला फोन कशाला लागतो, हे मला कळत नाही. शिरोली एमआयडीसीत त्यांची लहानशी फाउंड्री आहे. टर्बोचा पंखा ज्याच्यात फिरतो ते लोखंडी घर तिथं ओततात. ते पुढं कुठल्या गाडीत बसतं, हे अण्णांनाही नक्की माहीत नाही. पण हायवेवर एखादी गाडी आम्हाला मागे टाकून गेली की ते समाधानानं म्हणतात, "आपलंच हाय त्यात." एक घर त्यांनी टीव्हीशेजारी मांडून ठेवलंय. दिसायला मोठ्या गोगलगायीसारखं. त्यांच्या पत्नी पद्माकाकू त्यात किल्ल्या, सुट्टी बटणं आणि डोकेदुखीच्या गोळ्या ठेवतात.

टर्बो म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलं नव्हतं.

"गुऱ्हाळात रस काढल्यावर चिपाडं फेकून देत्यात काय? त्याच चिपाडावर काहिल तापतीया. तसा हा धूर. इंजिनातनं भाईर पडणारा धूर फुकट घालवायचा न्हाय. त्येच्यावर पंखा फिरवायचा, आन् त्या पंख्यानं इंजिनात हवा कोंबायची. कळलं?"

मी मान हलवली.

"आन् बिनटर्बोचं इंजिन म्हंजे स्ट्रॉनं रस वडत बसलेलं म्हातारं."

हा टोमणा समोरच्या घोरपडे सरांसाठी असायचा. सर निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांची गाडी बिनटर्बोची, आणि चालते त्यापेक्षा जास्त धुतली जाते. सरांचं म्हणणं असं की परवडणाऱ्या गाडीत टर्बो हवाच कशाला. जितक्या भानगडी जास्त, तितकं गॅरेज जवळ. अण्णांचं म्हणणं नेमकं उलटं. "सर, पैशेवाला मोठं इंजिन घेतोय. आपल्यासारख्याच्या बारक्या इंजिनाला टर्बोबिगर कोण इचारतंय? आन् तुमची ती गाडी न्हाय, पिंप हाय." सर दोन दिवस बोलायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा कुंपणापाशी उभे. मी खिडकीशी बसून काम करते, त्यामुळे हा वाद मी इतक्या वेळा ऐकलाय की दोघांपैकी कुणी आजारी पडलं तर मी बदली जाऊ शकेन.

यंदाच्या जानेवारीत अण्णांनी स्पोर्ट्स कार घ्यायचं ठरवलं. आपल्या ऐपतीतली. कंपनी तिला स्पोर्ट्स कार म्हणत होती, कारण सीटांना लाल शिलाई होती आणि छत इतकं खाली होतं की अण्णांना आत बसायला दोन प्रयत्न लागत. टर्बोची आणि बिनटर्बोची, अशा दोन प्रकारांत ती मिळत होती. दुसरा प्रकार कंपनी काढतेच कशाला, यावर अण्णांचं आठवडाभर भाषण झालं. माहितीपत्रक इंग्रजीत होतं, म्हणून मला हाक आली. "ए मीडियम, वाच की."

गाडी घेण्यामागं कारण पद्माकाकूंचं होतं. काकूंची आई जयसिंगपूरला असते, ऐंशीच्या पुढची. तिला भेटायचं तर भट्टी कधी बंद होते आणि अण्णा कधी मोकळे होतात, याची वाट बघण्यात काकूंची तीस वर्षं गेली. म्हणून छप्पनाव्या वर्षी त्या ड्रायव्हिंग शिकल्या. लायसन्स आलं. अण्णा म्हणाले, "शिकली तर शिकू दे की, कोण न्हाय म्हणतंय." आणि गाडी बघायला गेलो तेव्हा त्यांनी काकूंनाच स्टिअरिंगवर बसवलं. स्वतः शेजारी, गुडघे हनुवटीला टेकवून. मागे मी, माहितीपत्रक आणि शोरूमचा सेल्समन.

बाहेरच्या रस्त्याला लागलो. पुढं ऊस भरलेली ट्रॉली होती.

"दाब की," अण्णा म्हणाले.

काकूंनी दाबलं. काहीच झालं नाही, म्हणून अजून दाबलं. मग एकदम तो पंखा जागा झाला. गाडीनं मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी उडी घेतली. ट्रॉलीतले उसाचे शेंडे काचेवर आले. काकूंनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. आम्ही थांबलो तेव्हा मधे हातभर अंतर होतं.

"पॉवर जाणवली ना मॅडम?" सेल्समन म्हणाला.

काकू उतरल्या आणि मागे माझ्या शेजारी येऊन बसल्या. "मला नगं गाडी. आईकडं जायला एसटी हाय," त्या हळू म्हणाल्या. परतताना गाडी अण्णांनी चालवली. मी त्यांना पहिल्यांदाच इतका वेळ गप्प बघितलं आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

शोरूममध्ये ते सेल्समनला म्हणाले, "ह्यातली बिनटर्बोची दावा."

त्या बिचाऱ्यानं सकाळी तासभर टर्बोचं प्रवचन ऐकलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी माहितीपत्रकात बघितलं.

शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत अण्णा काकूंची समजूत काढत उभे राहिले. त्यांच्या मानानं ते कुजबुजत होते, म्हणजे मला वीस फुटांवर नीट ऐकू येत होतं. "तुझं काय चुकलं न्हाय पद्मा. मीच दाब म्हटलं. ही गाडी तसली न्हाय. पाय ठेवशील तेवढीच पळती. एक चक्कर मार, मग न्हाय म्हण." काकूंनी एक चक्कर मारली. मग दुसरी. चौथ्या चकरेला त्यांनी आरसा स्वतःच्या उंचीला लावून घेतला.

गाडी घरी आली त्या दिवशी घोरपडे सर फाटकातच उभे होते. ते गाडीच्या मागं गेले, वाकून नाव वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"अण्णा, टर्बो कुठाय?"

गल्लीतली चार-पाच माणसं जमली होती. काकू फाटकाच्या कडीशी काहीतरी करत राहिल्या.

"घेतला न्हाय," अण्णा म्हणाले. "टर्बोची चालवून बघितली सर. माझ्यानं आवरंना. उसाच्या ट्रॉलीत घुसलो असतो."

"तुम्ही?" सरांचा चेहरा उजळला. "तुम्ही भ्यालात?"

"व्हय, भ्यालो. इचारा की हिला. ही मागंच बसली हुती."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. असे प्रसंग मी शक्यतो टाळते.

"हो," मी म्हणाले. "अण्णा फार घाबरले होते."

'फार' माझ्या पदरचं. अण्णांनी माझ्याकडं एकदा रोखून बघितलं, पण खोडलं नाही.

सरांनी ही बातमी दूध डेअरीपासून बँकेपर्यंत पोचवली. फाउंड्रीला माल घ्यायला येणारे लोकसुद्धा विचारू लागले, "काय अण्णा, स्वतःच्याच मालाला भ्यालासा?" अण्णा प्रत्येकाला तेच सांगत होते, नवीनच भर घालून. आता त्या गोष्टीत दोन ट्रॉल्या आहेत.

मार्चमधल्या एका रविवारी काकू पहिल्यांदा एकट्या जयसिंगपूरला गेल्या. जाताना अण्णांचं ताट वाढून टेबलावर झाकून ठेवलं आणि मला बजावलं, "सहाला आठवण कर गं. न्हाईतर हे गप्पा मारत बसत्यात." मगदूमांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. अण्णा बाकी कुठलाच नियम पाळत नाहीत, हा एक पाळतात.

सहाला मी गेले. अण्णा फाटकात उभे होते, हातात फोन.

"अण्णा, जेवून घ्या."

"घेतो की."

"काकूंना फोन लावू का?"

"नगं. चालवत असंल. दचकंल उगंच."

सव्वासहाला मी पुन्हा सांगितलं. साडेसहाला सांगायला गेले तर त्यांनी हातानंच थांबवलं. रस्त्याच्या टोकाला एक गाडी वळत होती. ती दुसऱ्याच कुणाची निघाली. बघता बघता उजेड गेला, गल्लीतले दिवे लागले. आत टेबलावर ताट तसंच झाकलेलं होतं.

सातच्या सुमारास काकू आल्या. गाडी वाकडी लावली, एक चाक फुलांच्या वाफ्यात.

"वाकडी लावलीस," अण्णा म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. आईनं सोडलंच न्हाय." काकूंचा चेहरा लाल झाला होता, त्या हसत होत्या. चप्पल काढता काढता त्यांनी विचारलं, "जेवलासा न्हवं येळेत?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

"जेवलो की," ते म्हणाले. "कवाच."

मी आत जाऊन झाकलेलं ताट मागच्या दारानं आमच्या घरी घेऊन आले.