रिकाम्या बादल्यांचा आठवडा

"शुक्रवारपर्यंत बादलीचा तळ दाखवते, नाहीतर पुन्हा खडू हातात धरणार नाही!"

चौथीच्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत टेबलावर मूठ आपटली. चहाचे कप थरथरले. हेडसरही थरथरले.

कारणही तसंच होतं. मधल्या सुट्टीतल्या जेवणापैकी रोज अठरा किलो अन्न कचऱ्यात जायचं. वरून पत्र आलं होतं: असंच चालणार असेल तर स्वयंपाकघर बंद करू आणि मुलांना बिस्किटांचे पुडे वाटू! शुक्रवारी शिक्षण खात्याचे साहेब स्वतः बघायला येणार होते. पत्र आल्यापासून स्वयंपाकाच्या मावशी कांदा न चिरताच डोळे पुसत होत्या. बारा वर्षं त्यांनी पोरांना नावानिशी हाका मारून वाढलं होतं.

बाईंनी सोमवारी प्रत्येक वर्गाला एक बादली दिली, बटाटे तोलायचा काटा जेवणघराच्या दारात मांडला आणि जाहीर केलं, "ज्या वर्गाची बादली सगळ्यात हलकी, त्याला एक तास जादा खेळ!"

मंगळवारी कचरा अकरा किलोंवर आला. बुधवारी सगळ्या शाळेचा मिळून फक्त तीनशे ग्रॅम! बाई निवडणूक जिंकल्यासारख्या हात हलवत व्हरांड्यातून फिरल्या.

"आकडा बरोबर आहे ना, बाई?" हेडसरांनी भीत भीत विचारलं.

"सर, काट्याला खोटं बोलता येत नाही!"

काट्याला येत नव्हतं. पोरांना येत होतं.

गुरुवारी सकाळी कवायतीसाठी ढोल वाजवला, तर 'ढम'ऐवजी 'भद्' असा आवाज आला. आत उकडलेले बटाटे निघाले! चेंडूंच्या पेटीत अंडी सापडली. रंगांचं कपाट उघडलं, तर हिरव्या रंगाच्या डब्यात वाटाणे. आणि हेडसरांनी कवायतीचे बूट पायात घातले मात्र, त्यांचा चेहरा असा झाला की पहिलीची दोन मुलं रडायलाच लागली.

"बाई," सर पाय वर धरून म्हणाले, "माझ्या बुटात भोपळा आहे."

कवायतीच्या सगळ्या रांगा मोडल्या. मुंग्यांची रांग तेवढी शिस्तीत चालली होती.

बाईंनी कपाळावर हात मारला. उद्या साहेब येणार आणि शाळेचं गोदाम झालेलं! त्या चौथीच्या वर्गात आल्या आणि खुर्चीत धपकन बसल्या. ओरडायचं त्राणच उरलं नव्हतं.

"का रे असं केलंत? मावशींचं जेवण आवडत नाही का?"

मागच्या बाकावरून एक हात वर झाला. ही मुलगी प्रत्येक गोष्टीत मुद्दे काढायची, म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणायचे.

"आवडतं, बाई. पण झोपाळे दोन आणि मुलं दोनशे! जेवत बसलं की नंबर जातो. मग कोण जेवणार?"

"आणि मावशींचा वाढायचा डाव केवढा मोठा असतो!" दुसरा म्हणाला. "नको म्हणेपर्यंत ताट भरतं."

बाई बघतच राहिल्या. तीन दिवस काट्याला विचारलं, पण पोरांना एकदाही विचारलं नव्हतं! त्या उठल्या आणि तडक हेडसरांकडे गेल्या. सर नळाखाली बूट धरून उभे होते.

"सर, उद्या आधी खेळ, मग जेवण. बक्षीस रद्द!"

"आणि नाही जमलं तर?"

"तर खडू तुमच्या हातात!"

मावशींना मोठा डाव बाजूला ठेवायला सांगितलं, तर त्या कळवळल्या. "एवढंसं वाढू? पोरं उपाशी राहतील हो!"

"परत मागतील, मावशी. मागितलं की वाढा."

शुक्रवारी साहेब आले. अर्धा तास पोरं मैदानावर उधळली, झोपाळ्यांवर नंबरानं झुलली आणि मग जेवणघरात अशी शिरली, जणू महिनाभर अन्न पाहिलं नव्हतं! "मावशी, अजून!" "मावशी, इकडे!" "मावशी, वाटाणे संपले?" मावशींचे हात पुरेनात आणि चेहऱ्यावरचं हसू मावेना.

बादल्या काट्यावर चढल्या. साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं. सगळ्यांचं मिळून चारशे ग्रॅम, तेही फक्त मिरच्या आणि कढीपत्त्याची पानं!

साहेबांनी ढोलात डोकावून पाहिलं (बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती!), कपाट उघडलं, हेडसरांच्या बुटांकडेही एक नजर टाकली. सगळं स्वच्छ.

"स्वयंपाकघर चालू राहील," ते म्हणाले. "आणि ही पद्धत बाकीच्या शाळांनाही दाखवा."

मावशींनी बाईंना अशी मिठी मारली की दोघींचे चष्मे एकमेकांत अडकले. पोरांच्या टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. वकीलबाईला चौघांनी उचलून धरलं.

"चला साहेब, आता तुम्हीही आमच्या मावशींच्या हातचं खाऊन बघा!" बाई ऐटीत म्हणाल्या.

मावशींनी पातेल्यात पाहिलं. मग दुसऱ्या पातेल्यात पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं.

"बाई... काहीच उरलं नाही हो!"

शेवटी साहेब, हेडसर आणि बाई मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले आणि बाईंच्या पिशवीतल्या एका केळ्याचे तीन तुकडे करून जेवले. सरांनी सालही चाटूनपुसून साफ केलं. करतात काय? वकीलबाई काटा घेऊन समोर उभी होती!