महाराजांचा कायमचा धूमकेतू

बाळांनो, चुळबुळ पुरे. एका जंगलात दगडोबा नावाचं म्हातारं कासव राहत होतं. दगडोबाने लहानपणी धूमकेतू पाहिला होता, आणि शहात्तर वर्षांनी तो परत येणार, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. जनावरं हसायची.

आणि एके संध्याकाळी तो आला की हो, चांगल्या लांबलचक शेपटीसकट!

जंगलात नुसता हाहाकार. शेंडेनक्षत्र दिसलं की राजा मरतो, असं वाडवडील सांगत आलेले. ढगफोडसिंह महाराजांनी तर जेवणच टाकलं. हरणं तेवढी खूश होती.

दगडोबाला महाराजांची दया आली. इथेच चुकला बिचारा. दरबारात जाऊन त्याने समजावलं, की हा बर्फाचा नि धुळीचा गोळा. सूर्याजवळ आला की उन्हाने त्याला शेपटी फुटते, वळसा घातला की चालला आपल्या वाटेने. कुणाच्या मरणाशी त्याचं देणंघेणं नाही.

"मधल्या शहात्तर वर्षांत तुमचे पाच पूर्वज गेले, महाराज. तेव्हा कुठे होता धूमकेतू?"

महाराज विचारात पडले. राजा विचारात पडला की प्रजेने सावध व्हावं.

"म्हणजे धूमकेतू नसतो तेव्हाच राजे मरतात," महाराज म्हणाले.

प्रधान कोल्होपंतांनी लगेच री ओढली. हुकूम सुटला: धूमकेतू जाता कामा नये. गेला, तर दगडोबाचं मुंडकं उडवायचं. येणार म्हणून सांगणारा तोच, तेव्हा थांबवायचाही त्यानेच.

धूमकेतूला काय त्याचं! तो फिका पडत गेला आणि एक दिवस दिसेनासा झाला.

दरबार भरला. त्या जंगलाची रीत अशी, की राजाच्या प्रश्नाला वडीलधाऱ्याने आधी उत्तर द्यायचं आणि बाकीच्यांनी तेच म्हणायचं. महाराजांनी रिकाम्या आकाशाकडे पंजा केला. शेजारी रानडुक्कर सुळे घासत उभं होतं.

"दिसतोय ना?"

दगडोबा जन्मात खोटं बोलला नव्हता.

"दिसतोय तर, महाराज. शेपटी जरा वाढलीच आहे."

वाढलीच आहे, असं सगळं जंगल म्हणालं. महाराज पोटभर जेवले.

दगडोबा राजज्योतिषी झाला. रोज संध्याकाळी दरबारात येऊन तो नसलेल्या धूमकेतूची खुशाली सांगायचा. त्याला फार लाज वाटायची. पण मान शाबूत होती, म्हणून खाली तरी घालता यायची.

तात्पर्य: धूमकेतू गेला तर शहात्तर वर्षांनी परत येतो, मुंडकं येत नाही. तेव्हा बाळांनो, शास्त्र जरूर शिका, फक्त राजाला शिकवायला जाऊ नका.