घाटमाथ्याचे रुग्णालयी द्वारकाबाईंनी जनित्रे बेतून बसविली ती हकीकत

श्रीगजानन कृपावंत असो, आणि लिहिणाराचे हातून घडले तेवढेच उतरो. शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सरी घाटमाथ्यावरील राज्यात वर्तले ते ऐसे.

राज्याचे रुग्णालय डोंगराचे टोकावर, आणि त्यात अकाली जन्मल्या बालकांचे दालन, तेथे काचेच्या अकरा पेट्या, त्यांत ऊब विजेची आणि श्वासही विजेचा. वीज खालचे मुलखातून तारांवरून येई, आणि ती गेलियास डिझेलचे जनित्र होते. त्याची निगा द्वारकाबाई पांचाळ यांजकडे. बाई वयाने पन्नाशीच्या, हाताच्या कसबी, बोलणे मोजके. वैशाखमासी भर दुपारी वादळ होऊन तारा तुटल्या, बाईंनी जनित्र सुरू केले, आणि तोच लिफ्ट, पाण्याचा पंप, शस्त्रक्रियेची खोली आणि सभागृहाची थंड हवा, अवघ्यांनी एकदम वीज मागितली, तो यंत्राने मान टाकिली. तीन वेळा सुरू केले, तीन वेळा बंद पडले. दालनात मुख्य परिचारिका एस्तेरबाई गायकवाड आपल्या बायांसहित हवेच्या पिशव्या हाताने दाबीत दोन घटका उभ्या राहिल्या. दहा बालके वाचली, एक गेले.

मग दरबार भरला. कारभारी रंगोपंत बोलिले, "यंत्र लहान पडले. तिप्पट मोठे आणवावे, म्हणजे सभागृहाचीही शोभा राहील." महाराजांनी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "महाराज, चूक माझी. यंत्र आले तैसे मी बसविले आणि चालेल म्हणून सांगितले. ते सपाटीवरचे. इकडे हवा विरळ, तिथला जोर त्यास इथे येत नाही. तिप्पट आणलेत तर रोजच्या थोडक्या कामावर ते अर्धपोटी चालेल, आत काजळी धरेल, आणि नेमके हवे तेव्हा बसेल. मला जागा पाहून बेतू द्या." महाराजांनी पुसिले, "किती दिवस?" "तीन महिने. तोवर जुने यंत्र एकट्या दालनास जोडते, आणि मी रुग्णालयातच राहते." महाराजांनी मान डोलाविली.

मग बाईंनी नऊ दिवस खोलीखोलीत फिरून कोणती वस्तू किती वीज घेते आणि सुरू होताना किती हिसका देते ते स्वतःचे हाताने मोजिले, आणि एस्तेरबाईंस जाऊन सांगितले, "वीज गेल्यावर बारा सेकंदांत देईन." एस्तेरबाई म्हणाल्या, "बारा म्हणजे किती, ते इथे उभ्या राहून बघा." बाई पेटीपाशी उभ्या राहिल्या. आतले बाळ ओंजळीएवढे, आणि बारा सेकंदांत त्याची छाती दहा वेळा वर आली. दुसरे दिवशी त्यांनी प्रत्येक पेटीस निराळी बॅटरी लाविली, आणि बारा सेकंदांची फट बुजविली.

एका थोर यंत्राऐवजी दोन मध्यम यंत्रे मागविली, एक थकले तर दुसऱ्याने दालन सांभाळावे म्हणून. विरळ हवेचा हिशेब धरून ती जोरात चढती घेतली, थंडीत अडू नयेत म्हणून त्यांचे आत फिरते पाणी कोमट ठेविले, आणि बाळांचे कानी धडधड जाऊ नये म्हणून दालनाकडील बाजूस जाड भिंत घातली. मग विजेचा क्रम लाविला, आधी दालन, मग शस्त्रक्रियेची खोली, मग पंप, मग लिफ्ट, आणि सर्वांचे शेवटी सभागृह. रंगोपंतांनी क्रम पाहिला आणि कपाळास आठ्या घातल्या. "पाहुणे येतात बाई. सभागृह अंधारात बरे दिसते का?" बाई म्हणाल्या, "नाही दिसत. तरी शेवटीच राहील. बदलायचे तर माझे जागी दुसरा माणूस नेमा." पंत निघून गेले, परंतु मनात अढी राहिली.

भाद्रपदात दरड कोसळली आणि तारांचे खांबच खाली गेले. बाराव्या सेकंदास यंत्रे लागली, आणि कोणतीही पेटी थंड जाहली नाही. वाट तीन दिवस बंद. दुसरे दिवशी दुपारी एका यंत्राचा सूर बदलला. त्याचे टाकीतील डिझेलात पाणी उतरले होते. बाईंनी सुरावरून ओळखले, ते यंत्र तात्काळ बंद केले, आणि दुसऱ्याने दालन, शस्त्रक्रियेची खोली आणि पंप उचलिले. बाकी तोडावे लागले, आणि लिफ्ट दोन मजल्यांमध्ये थांबली. आत रंगोपंत. त्यांनी जाळीतून खाली यंत्रशाळेकडे हाक दिली, "बाई, किती वेळ?"

"अर्धा तास, पंत. टाकी निथरायची आहे. आपणांस वर घेतले तर दुसरे यंत्रही दबेल."

वरचे मजल्यावरून एका बाळाचे रडणे ऐकू येत होते. ते ऐकून पंत बोलिले, "मग मी बसतो. माझेकडे लक्ष देऊ नका, हात चालवा."

बाईंनी टाकी निथरविली, गाळणी बदलली, आणि यंत्र पुन्हा सुरात आले. पंत बाहेर आले ते घामाने निथळत, आणि थेट यंत्रशाळेत जाऊन क्रमाचे कागदावर आपली मोहोर उमटवून परतले. तिसरे दिवशी तारा जोडिल्या. तीन दिवसांत एकही बालक दगावले नाही.

पुढे शेजारचे राज्यातून वकील आला आणि त्याने बाईंचे यंत्रांचा नकाशा मागितला. बाई हात पुसत उठल्या आणि म्हणाल्या, "नकाशा इथल्यापुरता आहे. चला, आधी तुमचे दालन दाखवा."

तात्पर्य इतुके, की द्वारकाबाईंनी आपली चूक भरदरबारी पदरात घेतली, ती हातांनी दुरुस्त केली, आणि रंगोपंतांनी मोहोर घालून बाईंचा क्रम हीच राज्याची रीत केली. लेखनसीमा.